घटका

कोल्हापूरचा नवा राजवाडा 1884 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या मनोऱ्यावरचे घड्याळ तास आणि मिनिटे दाखवते, पण याच शहरात दारी आलेल्या पाहुण्याला अजूनही म्हटले जाते, “घटकाभर टेका की!” ही घटका त्या घड्याळाच्या तबकडीवर सापडत नाही.

तिचा उगम घटिकापात्रात आहे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडत; छिद्रातून पाणी आत चढत जाई आणि वाटी भरली की ती बुडे. या अवधीला घटका म्हणत, आणि आजच्या मापाने तो 24 मिनिटांचा होतो. अशा 60 घटकांचे एक अहोरात्र, साडेसात घटकांचा प्रहर आणि 2 घटकांचा मुहूर्त. लग्नघरात मुहूर्त साधण्यासाठी हेच पात्र मांडले जाई आणि ते बुडेपर्यंत कोणीतरी त्यावर नजर ठेवून बसे.

‘घट’ म्हणजे घडा. त्यावरून घटी आणि घटिका हे शब्द आले. घडी आणि घड्याळ हेही याच कुळातले, म्हणजे मनोऱ्यावरच्या यंत्राच्या नावातही पाण्याचे भांडे आहेच. ‘त्याची घटका भरली’ या प्रयोगातले ‘भरणे’ मला या साऱ्यांत सर्वांत बोलके वाटते, कारण भरलेली वाटी बुडते हे ज्यांनी रोज पाहिले होते, त्यांनाच आयुष्याच्या शेवटासाठी हा शब्द सुचू शकतो. ‘अखेरच्या घटका मोजणे’ यातही तीच वाटी आहे. याउलट ‘घटकेत हसतो, घटकेत रडतो’ असे आपण लहान मुलाबद्दल म्हणतो, तेव्हा 24 मिनिटांचा हिशोब कोणाच्याही मनात नसतो.

जुन्या पंचांगांत तिथी केव्हा संपते हे घटी-पळांत दिलेले असे, आणि एका घटकेची 60 पळे होत. ही मोजणी सूर्योदयापासून होई, त्यामुळे प्रत्येक गावाची घटका त्या गावच्या सूर्याशी बांधलेली होती. भारतीय प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशावरून ठरते आणि कोल्हापूर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. म्हणून मनोऱ्यावर बारा वाजल्यानंतर येथे खरी मध्यान्ह होण्यास सरासरी 33 मिनिटे, म्हणजे एक घटका आणि वर सुमारे 22 पळे, जावी लागतात.