विज्ञानपटांच्या मालिका: नियम कुठे मोडतो?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, हिरण्यकशिपूचं वरदान आठवा. माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने तर नाहीच. नरसिंह यातली एकही अट मोडत नाही. तिन्हीसांजेची वेळ, उंबरठा, मांडी आणि नखं. ब्रह्मदेवाचा शब्द शाबूत राहतो आणि राक्षसही मरतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं ते याच गावात. इथल्या प्रेक्षकाला चमत्कार चालतो, चमत्काराला घातलेली अट मोडलेली चालत नाही. विज्ञानपटालाही मी हीच कसोटी लावतो.

आपल्या वादांत होतं काय, तर वेगवेगळे दोष एकाच नावाने ओळखले जातात. जे खटकेल ते 'प्लॉट होल', म्हणजे कथानकातलं भगदाड. 'द मेट्रिक्स' (१९९९) घ्या. यंत्रं माणसांपासून वीज मिळवतात, असं तो चित्रपट सांगतो. माणूस दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी खातो, म्हणजे सरासरी शंभरेक वॅट. त्याला भरवलेल्या अन्नापेक्षा जास्त ऊर्जा त्याच्यातून कधीच निघणार नाही. शिवाय यंत्रांकडे एक प्रकारचं फ्यूजन (अणू जुळवून ऊर्जा मिळवणं) आहे, असं त्याच संवादात येतं. मग माणसं पाळायची कशाला? चूक ढळढळीत आहे, पण ती विज्ञानाची आहे. कारण बदलून बघा: यंत्रांना माणसांचे मेंदू गणनेसाठी हवे आहेत, असं धरा. पुढचा एकही प्रसंग हलत नाही. कारण बदलूनही कथा उभी राहत असेल, तर ते कथानकातलं भगदाड नव्हे.

'प्रोमिथियस' (२०१२) मधला दोष निराळा आहे. गुहेचा नकाशा काढणारी यंत्रं ज्या भूवैज्ञानिकाने स्वतः सोडली, तोच गुहेत वाट चुकतो. सोबतचा जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या अनोळखी प्राण्याला गोंजारायला जातो. इथे निसर्गनियम मोडलेला नाही, चित्रपटाचा नियमही नाही. पात्राचा पेशा आणि त्याची कृती यांचं जुळत नाही. मला हा दोष विज्ञानाच्या चुकीपेक्षा जड वाटतो, कारण ते दोघं मरतात तेव्हा भीती वाटायला हवी आणि वाटते चीड.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या भागात. वाद घालण्याआधी पहिला भाग बघताना तीन गोष्टी लिहून काढा: नियम काय, त्याची मर्यादा काय आणि तो वापरण्याची किंमत कोण मोजतं. प्रत्येक नोंदीपुढे ती संवादातून कळली की प्रसंगातून, हेही लिहा. पात्र खोटं बोलू शकतं, चुकू शकतं. पडद्यावर घडलेला प्रसंग खोटा नसतो. कापलेली दृश्यं आणि मुलाखती पुरावा म्हणून धरू नका.

ही रीत 'टर्मिनेटर'वर चालवून बघू. पहिल्या भागात (१९८४) भविष्यातून आलेला सैनिक रीझ सांगतो की कालप्रवासात निर्जीव वस्तू जात नाही. नायिका साराला मारायला आलेला यंत्रमानव जातो, कारण त्याच्यावर जिवंत मांस आहे. त्याच भागात तो असाही निरोप देतो की भविष्य ठरलेलं नाही. प्रसंग मात्र उलट साक्ष देतात. रीझ भूतकाळात येतो म्हणूनच साराच्या पोटी जॉनचा, यंत्रांशी लढणाऱ्या माणसांच्या म्होरक्याचा, जन्म होतो, आणि त्याने भविष्यात जपलेला साराचा फोटो शेवटच्या दृश्यात काढला जातो. वर्तुळ पूर्ण होतं. संवाद म्हणतो भविष्य बदलेल, प्रसंग म्हणतात सगळं ठरल्याप्रमाणेच घडतंय.

दुसऱ्या भागात (१९९१) दोन्ही नियमांना धक्का लागतो. टी-१००० हा नवा मारेकरी यंत्रमानव पूर्णपणे द्रवधातूचा आहे, त्याच्यावर मांस नाही, तरी तो येतो. हे सरळ नियम मोडणं आहे आणि चित्रपट त्याचं स्पष्टीकरणही देत नाही. तरीही हा भाग मालिकेत सर्वोत्तम का वाटतो? कारण त्या नियमावर पुढचा एकही निर्णय उभा नाही. दुसरा धक्का मोठा आहे. यंत्रं २९ ऑगस्ट १९९७ ला माणसांचा जो संहार करणार आहेत तो टाळता येतो का, हाच प्रश्न चित्रपट उघडपणे हाती घेतो. पहिल्या यंत्राची चिप आणि हात यांवरच ती यंत्रं पुढे घडवणाऱ्या कंपनीचं संशोधन चाललंय, म्हणून दोन्ही नष्ट करायचे. उरलेल्या चिपसाठी या वेळी रक्षणाला आलेला यंत्रमानव स्वतःला वितळलेल्या पोलादात उतरवून घेतो. नियम बदलला, पण त्याची किंमत पडद्यावर मोजली गेली. चक्रात अडकून तुटलेला त्याचा हात कारखान्यातच राहतो, यावर रसिक अजून भांडतात. भांडण योग्यच आहे, पण कंपनीचा संशोधक डायसन याला कल्पना सुचल्या त्या चिपवरून. नुसत्या हातावरून ते संशोधन पुन्हा उभं राहतं, असं चित्रपट कुठेच म्हणत नाही.

तिसरा भाग (२००३) सांगतो की संहार टळला नव्हता, फक्त पुढे ढकलला गेला. तर्काने याला बोट लावता येत नाही. पण आधीच्या भागात मोजलेली किंमत तो परत काढून घेतो. मालिकेची प्रत खालावते ती इथे.

ठिगळ लावण्याचेही प्रकार असतात. 'स्टार वॉर्स'मधल्या (१९७७) महाकाय स्थानकाचा नाश व्हायला दोन मीटर रुंदीचं एक छिद्र पुरतं. 'रोग वन' (२०१६) सांगतो की अभियंत्याने मुद्दाम कच्चा दुवा ठेवला. जुना प्रसंग तसाच राहतो आणि त्यामागे एका माणसाचा धोका जोडला जातो. हे चांगलं ठिगळ. २०१७ च्या भागात एक सेनानी प्रकाशवेगाची उडी घेत आपलं जहाज शत्रूवर आदळवते. मग आजवर कोणी असं का केलं नाही, हा प्रश्न उठला, तेव्हा २०१९ च्या भागाने एका वाक्यात ते लाखात एक असं ठरवून टाकलं. जाणूनबुजून दिलेलं बलिदान त्यामुळे नशिबाचा खेळ झालं. पूर चढला म्हणून आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची खूण कोणी वर सरकवून रंगवत नाही.

हिंदीत 'क्रिश'ने (२००६) नियम नीट पाळलाय. भविष्य दाखवणाऱ्या यंत्रात डॉ. आर्य स्वतःचा मृत्यू बघतो, तो टाळायला खून करतो, पुन्हा बघतो तर चित्र तेच.

शेवटी 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९), कारण प्रश्न त्यावरच जास्त येतात. भूतकाळात ढवळाढवळ केली की काळाची वेगळी शाखा फुटते, आपला काळ बदलत नाही, हा त्याचा नियम. मग भूतकाळात गेलेला स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) म्हातारा होऊन कालयंत्राच्या चौथऱ्यावर न उतरता शेजारच्या बाकावर कसा? लेखक म्हणाले तो याच काळात जगला, दिग्दर्शक म्हणाले वेगळ्या शाखेत. दोन्ही विधानं बाजूला ठेवा आणि पडद्यावर बघा. जाताना स्टीव्हच्या हातात रत्नांची पेटी आणि हातोडा आहे, ढाल नाही. त्याची ढाल खलनायक थॅनोसने फोडली आहे. बाकावरून तो मित्र सॅमला देतो ती ढाल अखंड आहे. ती कुठल्या तरी दुसऱ्या शाखेतून आली असावी, आणि परतीची एक न दाखवलेली उडी मान्य केली की सांगितलेला नियम कुठेच मोडत नाही.