‘आधी करून दाखवा, मग बघू’

(उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

खिशातली एखादी नोट काढा आणि तिच्यावरचं रुपयाचं चिन्ह जरा निरखून बघा. मार्च २००९मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या, त्यातल्या पाच शेवटच्या फेरीत गेल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केलं. ते तेव्हा पवईला, आयआयटीच्या आयडीसीत म्हणजे डिझाइन विभागात पीएच.डी. करत होते. बक्षीस होतं अडीच लाख रुपये. देवनागरी ‘र’ आणि दांडी काढून टाकलेला रोमन ‘आर’ एकाच आकारात बसवायचा, वर शिरोरेषा ठेवायची आणि तरी ते हाताने एका झटक्यात लिहिता आलं पाहिजे. काम चोख आहे, त्याबद्दल वाद नाही.

मला बोलायचंय ते उरलेल्या तीन हजारांबद्दल. त्या चिन्हांचं पुढे काय होणार? श्रीलंका आणि मॉरिशसकडेही रुपयाच आहे, पण देवनागरी ‘र’ ते कशाला घेतील? नेपाळने फार तर विचार केला असता. म्हणजे तीन हजार माणसांनी आठवडा-पंधरा दिवस डोकं लावून केलेली गोष्ट एका सकाळी कायमची निरुपयोगी झाली. हरल्याबद्दल मी बोलत नाही, स्पर्धेत माणूस हरतोच. पण हरल्यावर त्यांच्या हातात काय उरलं, ते मोजून बघा.

फुकट काम करावं की करू नये, यावर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, अजिबात करू नका, बाजार बिघडतो. दुसरा म्हणतो, नवीन आहेस, एक्स्पोजर मिळेल, कर. मला दोन्ही आळशी वाटतात. माझा प्रश्न वेगळा आहे: काम कुणाच्या सांगण्यावरून झालं, आणि नकार मिळाल्यावर ते कुणाच्या उपयोगाचं राहिलं?

अंधेरीत एखादी मुलगी नोकरी सांभाळून रात्री पटकथा लिहिते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे दिलेले नाहीत. एका निर्मात्याने नाही म्हटलं तर ती तीच पटकथा घेऊन दुसऱ्याकडे जाते. जोखीम तिची आहे, पण मालही तिचाच आहे. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने, रायटर्स गिल्डने, नेमकी इथेच रेघ मारली आहे. लेखकाने स्वतःहून लिहिलं आणि विकलं तर हरकत नाही. पण कंपनीने ‘लिहून आण, आवडलं तर पैसे देऊ’ म्हणायचं नाही. निर्मात्यांशी त्यांचा जो सामूहिक करार आहे, त्यात याला मनाई आहे. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धा घ्या. पोरं वर्गणी काढून, वडापाव खाऊन, महिनाभर तालमी करतात आणि कुणाला पैसा मिळत नाही. त्याला कुणी पिळवणूक म्हणत नाही, आणि म्हणूही नये. एकांकिका त्यांची असते, पडली तरी पुढच्या स्पर्धेत उभी राहते. राज्य नाट्य स्पर्धेत तर सरकार संघांना सादरीकरणाचा खर्चही देतं. (दिवाळी अंकांच्या मानधनाबद्दल आज बोलत नाही. सभागृहात दोन संपादक बसलेले मला दिसतायत.)

आता दुसरं टोक. पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी दूध संघ. नाव सांगत नाही. संघ अजून चालू आहे आणि त्यांचं श्रीखंड चांगलं असतं. त्यांना दुधाच्या पिशवीचं नवं डिझाइन हवं होतं. पुण्या-मुंबईच्या पाच जणांना बोलावणं गेलं: लोगो नवा, पिशवीचे दोन-तीन ऑप्शन घेऊन या. पैशांचा विषय पत्रात नव्हता. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, ‘साहेब, आधी करून दाखवा, मग बघू.’ मी गेलो. बाहेरच्या बाकावर बाकीचे चौघे आपापले बोर्ड मांडीवर घेऊन, एकमेकांकडे न बघता बसलेले. आत चेअरमन आणि सगळं संचालक मंडळ. एका संचालकाला गाय जरा हसरी हवी होती. दुसऱ्याला हिरवा रंग नको होता, त्याला राजकीय कारण होतं. अर्ध्या तासात चहा झाला आणि ‘कळवतो’ झालं.

त्या अर्ध्या तासात काय बोललं गेलं नाही, ते जास्त महत्त्वाचं. दुधाची पिशवी कधीच सपाट नसते. भरली की तिचं पोट सुटतं, क्रेटमध्ये टाकली की खालचा भाग चुरगळतो. तेव्हा नाव वरच्या भागात पाहिजे. प्लॅस्टिकच्या फिल्मवरची छपाई फ्लेक्सोची, म्हणजे लवचीक ठशांची, तिच्यात बारीक रेघ टिकत नाही. नाजूक वेलांटी एक तर भरून जाते नाही तर तुटते. मशीनवर पिशवी सील होताना छपाई थोडी वर-खाली सरकते, म्हणून कडेला काही ठेवायचं नाही. हे सगळं पहाटे पॅकिंग मशीनजवळ उभं राहून ऑपरेटरला विचारलं तरच कळतं. फुकटच्या कामात तुम्हाला तिथे कुणी नेत नाही आणि तुम्हीही आपणहून जात नाही, कारण काम मिळेल की नाही तेच माहीत नसतं. पाचही डिझाइनं लॅपटॉपवर देखणी होती आणि पिशवीवर एकही चाललं नसतं. माझंही नाही.

काही महिन्यांनी पिशवी बाजारात आली. माझा सूर्य, दुसऱ्या कुणाची गाय आणि तिसऱ्याचं अक्षर. छापखान्यातल्या डीटीपी ऑपरेटरने सगळं जुळवून दिलं असणार. गाय हसत होती. नाव तळाशी होतं, ते क्रेटमध्ये चुरगळत होतं.

चोरीचा राग येतोच. पण एवढं फुकट मिळवूनही संघाच्या पदरात वाईट पिशवी पडली, हे मला जास्त बोलकं वाटतं. आपल्या कामातला निम्मा भाग प्रश्न विचारण्याचा असतो. ‘आधी करून दाखवा’ म्हणणारा तो भागच कापून टाकतो आणि उरलेल्याला डिझाइन म्हणतो.

मग ही सवय आली कुठून? जाहिरात एजन्सीच्या जुन्या हिशेबातून. वर्तमानपत्रं मान्यताप्राप्त एजन्सीला १५ टक्के कमिशन द्यायची. एक लाखाची जाहिरात असेल तर ग्राहकाने लाख द्यायचे, एजन्सीने पेपरला ८५ हजार भरायचे आणि १५ हजार ठेवायचे. मजकूर, चित्र, मांडणी सगळं त्यातच. अशा काळात मोठं खातं, म्हणजे मोठा कायमचा ग्राहक, मिळवण्यासाठी चार-दोन कॅम्पेन फुकट करून दाखवणं हा धंद्याचा खर्च होता; खातं आलं की वर्षानुवर्षं कमिशन चालू. पुढे मीडिया बाइंगच्या, म्हणजे जाहिरातीची जागा विकत घेणाऱ्या, कंपन्या वेगळ्या झाल्या, कमिशन आटलं, डिझाइन एकेका कामापुरतं सुटं विकलं जाऊ लागलं. फुकट पिच, म्हणजे काम मिळवायला आधीच डिझाइन करून दाखवायची पद्धत, मात्र तशीच राहिली. आता एका लोगोचे २५ हजार मिळणार असतील आणि पाच जणांना बोलावलं असेल, तर तुमच्या वाट्याला सरासरी पाच हजार येतात. त्यात दोन आठवडे. गंमत अशी की सरकारी निविदांमध्ये उलट कंत्राटदारालाच बयाणा रक्कम भरावी लागते, आणि वर तांत्रिक सादरीकरणात तयार डिझाइनंही फुकट दाखवायची.

हरलेल्या चौघांचा खर्च हवेत जात नाही. तो पुढच्या ग्राहकाच्या बिलात चढतो, म्हणजे जो सरळपणे पैसे देतो त्याच्या. आणि जो डिझायनर हा खर्च पुढे ढकलू शकत नाही, त्याच्या घरच्यांवर बसतो. आईवडिलांचं दादरला घर असलेला मुलगा वर्षभर फुकट पिच करू शकतो. नांदेडहून येऊन कॉट बेसिसवर राहणारी मुलगी तीन महिन्यांत परत जाते किंवा लग्नाचे अल्बम लावायला लागते. फुकट कामामुळे या व्यवसायात कोण टिकणार हे कामाच्या दर्जावर ठरत नाही, भाड्याच्या पावतीवर ठरतं. माझ्या दृष्टीने नैतिक प्रश्न हा आहे.

याच्या उलट उदाहरण बघा. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, फड बघून ठेवलेला असतो, नाव माहीत असतं, घासाघीस जोरात होते आणि सौदा ठरला की आगाऊ रक्कम हातात पडते. ‘आमच्या गावात एक अख्खा वग करून दाखवा, रंगला तर पैसे’ असं तिथे कुणी म्हणत नाही. म्हणालाच तर चहासुद्धा मिळायचा नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. २०१४ साली स्वच्छ भारत मोहिमेचं बोधचिन्ह खुल्या स्पर्धेतून निवडलं गेलं. गांधीजींचा चष्मा. तो काढणारे अनंत खासबारदार कोल्हापूरचे. बक्षीस ५० हजारांचं. दिल्लीतल्या अधिकाऱ्याने हातात पोर्टफोलिओ घेऊन आलेल्या कोल्हापूरच्या माणसाला एरवी दार उघडलं असतं का? बहुधा नाही. खुल्या स्पर्धेत ते उघडतं, हे मी मान्य करतो. माझं म्हणणं इतकंच की दार उघडं ठेवायला सगळ्यांकडून पूर्ण काम करून घ्यावं लागत नाही. पहिल्या फेरीत जुनं काम आणि एक पानभर विचार मागवा. त्यातून चार-पाच जण निवडा आणि त्यांना मानधन देऊन डिझाइन करायला सांगा. निवड करायला अक्कल लागते, म्हणून लोक ती टाळतात. ढीगभर तयार मालातून बोट दाखवणं सोपं असतं.

वास्तुविशारदांनी हे थोडंफार नियमात बसवलं आहे. १९७२चा कायदा आहे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आहे, स्पर्धा कशा घ्यायच्या याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पाळली जातात का, हा वेगळा विषय. पण मोडली तर बोट ठेवायला कागद तरी आहे. डिझायनरला असा कायदा नाही. उद्या आपण सगळ्यांनी मिळून फुकट पिच करायची नाही असं ठरवलं, तरी परवा कुणीतरी कोरलड्रॉ उघडून बसेलच. म्हणून बहिष्काराच्या भाषेवर माझा फारसा विश्वास नाही.

कायद्याची माहिती मात्र ठेवा, कारण समोरच्याला ती बहुधा नसते. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम १९प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि तुमच्या सहीने व्हावं लागतं. कलम १७ आणखी मजेदार आहे. फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फिल्म कुणी मोबदला देऊन करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक करून घेणारा. मोबदला दिला नाही, तर हे कलम त्याच्या मदतीला येत नाही. म्हणजे फुकटात घेतलेलं काम त्याचं होतच नाही. स्पर्धांच्या अटी म्हणूनच बारकाईने वाचा. ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांवर आयोजकांचा हक्क राहील’ असं वाक्य दिसलं तर तिथे काही पाठवू नका.

नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. पण कल्पना विश्वासाने सांगितली असेल तर दुसरा रस्ता आहे. सनडायल या कंपनीने ‘कृष कन्हैया’ नावाच्या मालिकेची कन्सेप्ट नोट लेखक संघटनेत नोंदवून झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती. पुढे वाहिनीची ‘कन्हैया’ येऊ घातली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००३मध्ये न्यायालयाने विश्वासभंगाच्या मुद्द्यावर त्या मालिकेवरची मनाई कायम ठेवली. त्याआधी दिल्लीत ‘स्वयंवर’ नावाच्या रिअॅलिटी शोच्या कल्पनेवरून असाच निकाल लागला होता. दोन्हीकडे उपयोगी पडला तो कागद: काय सांगितलं, कुणाला, कधी. तेव्हा मीटिंगहून परतल्यावर एक साधी ईमेल टाका. ‘आज आपल्याला अमुक संकल्पना दाखवली, ती या कामाच्या चर्चेपुरतीच आहे.’ भांडण नको, वकील नको. लेखी तारीख पडली की झालं.

आणि पैसे मागा. छोटे मागा, पण आधी मागा. मी हल्ली काम दोन टप्प्यांत विकतो. पहिल्या टप्प्यात फक्त जाऊन बघणं, विचारणं आणि दोन पानी टिपण. त्याची ठरावीक फी. ग्राहकाला ते टिपण घेऊन दुसऱ्याकडे जायची मुभा असते. काही जण जातातही. फी देणारा माणूस मीटिंगला वेळेवर येतो, हा माझा अनुभव आहे.

(श्रोत्यांतून एका विद्यार्थिनीने विचारलं: नोकरीच्या मुलाखतीआधी स्टुडिओ ‘टेस्ट’ देतात, कधी कधी खऱ्या ग्राहकाचंच काम असतं. तिथे नाही म्हटलं तर नोकरी जाते.)

नाही म्हणू नकोस. एवढंच विचार की ब्रीफ, म्हणजे दिलेलं काम, खरा आहे की सरावाचा. खरा असेल तर विनम्रपणे म्हण, ‘याच प्रकारच्या काल्पनिक ब्रँडवर करून दाखवते.’ चांगला आर्ट डायरेक्टर असेल तर त्याला चालतं, त्याला हात बघायचा असतो. एका संध्याकाळीत होईल एवढंच कर. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, देऊ नकोस. कमी रिझोल्यूशनची पीडीएफ, प्रत्येक पानावर नाव आणि तारीख. आणि त्यांनी तरीही खऱ्या ग्राहकाचंच काम हवं म्हणून हट्ट धरला, तर त्या स्टुडिओत पगार वेळेवर होतो का, ते तिथल्या एखाद्या ज्युनियरला चहाच्या टपरीवर गाठून विचार.