गट नंबर सांगा

[दृश्य: तलाठी कार्यालय. टेबलावर सातबाऱ्याची प्रत. कॅमेरा हळूहळू कागदावर येतो.]

शेताची सगळी हकीकत या एका कागदावर आहे, असा आपला समज असतो. जरा जवळून पाहा. भोगवटादाराच्या नावाशेजारी खाते क्रमांक आहे. पुढे कंसात आणखी एक आकडा, फेरफार क्रमांक. जमीन या नावावर कशी आली, वारसाने, खरेदीने की वाटपाने, ते सातबारा सांगत नाही. तो नुसता आकडा देतो. तो घेऊन गाव नमुना सहा उघडायचा, म्हणजे फेरफार नोंदवही. याच माणसाची गावात एकूण जमीन किती, हे हवं असेल तर खाते क्रमांकावरून आठ-अ काढायचा.

वह्या वेगळ्या, आणि एकीतून दुसरीत नेणारे हे आकडे. खातेदाराचं नाव, त्याची सगळी जमीन आणि तिचा इतिहास प्रत्येक सातबाऱ्यावर लिहीत बसलो असतो, तर एका वारसनोंदीसाठी किती पानं खोडावी लागली असती!

[दृश्य: जुन्या काळातला संगणक कक्ष.]

1970 साली संगणकतज्ज्ञ एडगर कॉड यांनी हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला. ते आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. तोवर माहिती काढायची तर ती यंत्रात कुठल्या वाटेने साठवली आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि तक्ते जोडा ते त्यांच्यातल्याच मूल्यांनी. 1981 मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या तलाठ्यांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. पीक नोंदींचा लांबलचक तक्ता.]

आता एक अहवाल करू. कोणत्या तालुक्यात सोयाबीन किती हेक्टर? पीक नोंदींच्या तक्त्यात गट नंबर आहे, पीक आहे, क्षेत्र आहे, गावाचा कोड आहे. तालुका नाही. तो गावांच्या तक्त्यात आहे, एका गावाला एकच ओळ.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी डॅक्स नावाची सूत्रभाषा आहे. हे दोन तक्ते गावाच्या कोडवर जोडले, की पीक नोंदींत नवा रकाना घ्यायचा आणि लिहायचं: रिलेटेड, कंसात गावांच्या तक्त्यातला तालुका. प्रत्येक नोंदीसमोर तिचा तालुका येऊन बसतो. गावांचा तक्ता पुढे जिल्ह्यांच्या तक्त्याला जोडलेला असेल, तर तेच सूत्र तिथपर्यंतही जातं.

पण एकाच दिशेने. नोंदीकडून गावाकडे, अनेकांकडून एकाकडे. उलट गेलात, तर एका गावाच्या शेकडो नोंदी समोर येतात. त्यातली कोणती द्यायची? त्यासाठी रिलेटेडटेबल आहे. ते एक मूल्य देत नाही, त्या गावाच्या ओळींचा अख्खा तक्ता देतं, आणि बेरीज आपण करायची.

नवशिके हमखास अडखळतात ते आणखी एका ठिकाणी. रकान्यात चालणारं रिलेटेडचं सूत्र मोजमापात, म्हणजे अनेक ओळींचं मिळून एक उत्तर काढणाऱ्या मेजरमध्ये, नुसतंच लिहिलं की चूक दाखवतं. चिडायचं कारण नाही. तलाठी कार्यालयात जाऊन तुम्ही म्हणालात, ‘खाते क्रमांक सांगा हो भाऊसाहेब’, तर भाऊसाहेब काय म्हणतील? गट नंबर सांगा आधी! रकान्यात संगणक एकेका ओळीवर उभा असतो. मोजमापात तो कुठल्याच ओळीवर नसतो. सम-एक्स सारखं ओळीओळीने चालणारं सूत्र बाहेरून लावलं, की त्याला पाय टेकायला जागा मिळते.

[दृश्य: रस्त्याकडेच्या गावांच्या पाट्या. वडगाव. पिंपळगाव. पुन्हा वडगाव.]

तक्ते जोडलेलेच नसतील, तर? मग लुकअपव्हॅल्यू. कोणता रकाना हवा, कुठे शोधायचं, काय शोधायचं, एवढं सांगायचं. इथे मोह होतो तो गावाच्या नावावर शोधण्याचा. महाराष्ट्रात वडगावं किती, मोजून पाहा कधीतरी. एकाच नावाला दोन वेगळे तालुके सापडले, की लुकअपव्हॅल्यू सरळ चूक दाखवतं. एक्सेलचं जुनं व्हीलुकअप तसं करत नाही. नेमकी जुळणी मागितली, तरी वरून पहिलं जे वडगाव भेटेल त्याचा तालुका ते गुपचूप देतं. मला स्वतःला ओरडणारं सूत्र परवडतं. गप्प राहणाऱ्याने केलेली चूक साहेबांच्या बैठकीत कळते.

नावांची दुसरी गंमत आपल्या लिपीतच आहे. सातारा जिल्ह्यातलं एक गाव कोणी कराड लिहितं, कोणी कऱ्हाड. कऱ्हाडमधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे आकडे देतो त्या पद्धतीत, एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, आत मात्र आकडे निराळे. वरून नावामागे राहिलेली एखादी मोकळी जागा.

म्हणून कोड. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड मिळाला. तो देशात दुसऱ्या गावाला नाही. मात्र एका तक्त्यात तो अंक म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून आला, तर लुकअपव्हॅल्यू त्यांची तुलनाच नाकारतं.

2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी नावांवर जुळवलं होतं, त्यांच्या वाट्याला शोधा आणि बदला आलं. ज्यांनी कोडवर जोडलं होतं, त्यांनी जिल्ह्यांच्या तक्त्यात एक खाना बदलला.

[दृश्य: तयार अहवाल. तालुक्यांची यादी खाली सरकते.]

आणि एखाद्या नोंदीतला कोड गावांच्या तक्त्यात नसेलच, तर? पॉवर बीआय ती नोंद टाकून देत नाही. एकूण बेरजेत तिचे हेक्टर असतात. फक्त तालुक्यांच्या यादीत एक जादा ओळ येते. नावाच्या जागी ‘ब्लँक’, समोर सोयाबीनचे हेक्टर.

[दृश्य: त्या ओळीवर थांबलेला माउसचा बाण.]