सरन्यायाधीशांचे प्रतिज्ञापत्र

सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासातला एक प्रसंग मला फार अस्वस्थ करतो. १९८१ साली देशाच्या विद्यमान सरन्यायाधीशांना स्वतःच्याच न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करावे लागले, तेही आपल्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या सात न्यायमूर्तींसमोर. ते सरन्यायाधीश म्हणजे आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड.

त्या वर्षी १८ मार्चला कायदामंत्री शिवशंकर यांनी एक परिपत्रक काढले होते. उच्च न्यायालयांतल्या अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात जाण्याची संमती घ्या, असे मुख्यमंत्र्यांना कळवले होते. आता अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक मुदतीची. मुदत संपत आली असताना असा कागद पुढे आला, की त्याला तो धमकीसारखाच वाटणार. मुंबईचे वकील न्यायालयात गेले, दिल्लीचे गेले, अलाहाबादचे गेले. हेच ते एस. पी. गुप्ता प्रकरण.

त्यात न्या. एस. एन. कुमार यांची हकिगत आहे, तिच्यापाशी जरा थांबू या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेतली. चंद्रचूडांनी स्वतः चौकशी केली आणि मुदतवाढ द्यावी, अशी शिफारस केली. सरकारने पहिले मत उचलले, दुसरे बाजूला ठेवले. शिवाय मुख्य न्यायमूर्तींनी कायदामंत्र्यांना लिहिलेले एक पत्र सरन्यायाधीशांना दाखवलेच नव्हते. अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी, त्यात आपले तुळजापूरकरही होते, नेमके यावर बोट ठेवले. ज्याचा सल्ला घ्यायचा त्याच्यापासून कागद लपवायचा, याला सल्लामसलत कसे म्हणायचे?

प्रतिज्ञापत्राचा संबंध मात्र पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती के. बी. एन. सिंग यांच्या मद्रासला झालेल्या बदलीशी होता. माझी आई वृद्ध आहे, आजारी आहे, हे मी सरन्यायाधीशांना सांगितले होते, असे सिंग शपथेवर म्हणत होते; सरन्यायाधीशांचे प्रतिज्ञापत्र हे त्याला उत्तर होते. दोन न्यायमूर्ती शपथेवर एकमेकांसमोर, आणि निवाडा करणारे त्यांचेच सहकारी! ती बदली वैध ठरली. पण ३० डिसेंबर १९८१ च्या निकालाने बहुमताने असेही सांगितले, की नेमणुकीत सरन्यायाधीशांच्या मताला अग्रक्रम नाही. अखेरचा शब्द सरकारचा. कुमारांना मुदतवाढ मिळाली नाही.

मला चंद्रचूडांबद्दल आदर आहे. म्हणूनच १९७६ टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. आणीबाणीत, स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या बहुमतात ते होते. विरोधात एकटे न्या. खन्ना उभे राहिले आणि त्यांचे हक्काचे सरन्यायाधीशपद हुकले. १९७८ मध्ये चंद्रचूडांच्या नेमणुकीला मुंबईतल्या नामवंतांनी विरोध केला, तो याच कारणाने. जनता सरकारने तरीही ज्येष्ठतेचा संकेत पाळला, आणि ते योग्यच झाले. मनासारखा न्यायाधीश निवडायची मुभा एका सरकारला दिली, की ती पुढच्यालाही मिळते.

हाच माणूस १९८१ मध्ये कुमारांसाठी सरकारपुढे ठाम राहिला. पण एकटा राहिला. १९९३ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गुप्ता प्रकरणातली ती भूमिका मोडीत काढली. सरन्यायाधीशांच्या मताला अग्रक्रम दिला, मात्र ते मत दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांना विचारात घेऊनच बनवायचे, अशी अट घातली. १९९८ मध्ये ते दोनाचे चार झाले. सरन्यायाधीश आणि हे ज्येष्ठ सहकारी मिळून जो गट होतो, तेच कॉलेजियम. आज कॉलेजियमच्या बंद दाराआडच्या कारभाराबद्दल आपण तक्रार करतो, आणि ती रास्त आहे. पण तेव्हा चंद्रचूडांच्या शिफारशीमागे आणखी चार सह्या असत्या, तर ती बाजूला सारणे सरकारला इतके सोपे गेले असते का?