हात तोंडापर्यंत

(दृश्य : टेबलावर पाण्याचा पेला. एका बाईंचा उजवा हात पेला उचलतो, अर्ध्यावर येऊन थांबतो. मान खाली झुकते.)

पेला हातात आहे. बोटं धड आहेत, खांदाही धड आहे. तरी घोट घ्यायला मानेलाच पेल्यापर्यंत यावं लागतं, कारण मधलं कोपर वाकत नाही. केस विंचरणं, तोंड धुणं, वरचं बटण लावणं, सगळं तिथेच अडतं. कोपर ३० ते १३० अंशांमध्ये हललं, की रोजची बहुतेक कामं निभतात. इथे तेवढंही उरलेलं नाही.

(दृश्य : कोपराचा एक्स-रे.)

आमवातात सांध्याचं अस्तर सुजतं, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजत जाते आणि शेवटी हाडावर हाड घासू लागतं. आता औषधं चांगली आहेत, त्यामुळे आमवाताचे कमी रुग्ण इथवर येतात. पण उतारवयात पडून दंडाच्या हाडाचं खालचं टोक चुरा झालं आणि ठिसूळ हाडात स्क्रूला पकडच मिळेना, तर सांधा बदलण्याचा विचार होतो.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह. कोपराच्या मागच्या बाजूला छेद.)

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती अल्नर नस इथूनच जाते. सर्जन आधी तिला शोधतात, आजूबाजूच्या ऊतींतून हलक्या हाताने मोकळी करतात, आणि मगच सांध्याकडे वळतात. घाई इथे महागात पडते. नस दुखावली तर करंगळी बधिर होते, पंजाची ताकद जाते.

मग खराब झालेला भाग काढतात. एक धातूची दांडी दंडाच्या हाडाच्या पोकळीत, दुसरी कोपरापासून मनगटापर्यंतच्या अल्ना हाडात, दोन्ही बोन सिमेंटने पक्क्या. मधे बिजागरी, आणि धातूवर धातू घासू नये म्हणून टणक प्लास्टिकचं अस्तर.

या बिजागरीपाशी थोडं थांबू या. १९७०च्या दशकातल्या सुरुवातीच्या बिजागऱ्या ताठ होत्या. हाताला बसणारा प्रत्येक पीळ थेट सिमेंटवर जायचा आणि दांड्या सैल व्हायच्या. पुढे बिजागरीतच मुद्दाम काही अंशांची ढिलाई ठेवली गेली. पिळाचा काही भार आजूबाजूचे स्नायू आणि ऊती पेलू लागल्या, आणि सांधे जास्त टिकू लागले. मला या शस्त्रक्रियेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

(दृश्य : काही महिन्यांनंतर, व्यायामाची खोली.)

पण एक अट आहे, आणि ती जन्मभराची. त्या हाताने एका वेळी साधारण ५ किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. पुन्हा पुन्हा उचलायचं असेल तर किलोभरच. दुखणं थांबलं की हीच अट विसरायला होते, म्हणून ऑपरेशनच्या आधीच ती घरच्या सगळ्यांच्या कानावर घाला. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या तरुणांना म्हणूनच शक्यतो दुसरा उपाय सुचवतात. आणि कोपरावर मांसाचं आवरण पातळ असतं, जंतुसंसर्गाचा धोका गुडघ्यापेक्षा जास्त. जखम लाल झाली, पाझरू लागली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

(दृश्य : तोच पेला. मान सरळ. पेला ओठांना लागतो. मागे पाण्याची भरलेली बादली. ती बाई डाव्या हाताने उचलतात.)