नवी ड्राइव्ह जोडल्यावर संगणक सुरू होत नसेल तर: विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेल्या संगणकाची बूट-दुरुस्ती

नमस्कार. मी सांगलीहून बोलतो आहे. माझ्यासमोर टेबलावर जे कॅबिनेट उघडून ठेवले आहे ते मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानातले आहे, आणि आतल्या पंख्याच्या पात्यांवर बसलेला पिवळा थर पाहिला की ते कुठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही. या संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. दुकानाचे हिशेब विंडोजवर चालतात आणि मालकांची मुलगी अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी उबुंटू हे लिनक्स वापरते. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर पाहिल्यापासून मालकांचा असा आग्रह आहे की प्रत्येक पावतीची एक प्रत संगणकात असावी आणि त्या प्रतीचीही दुसरी प्रत असावी. त्यासाठी त्यांनी गेल्या आठवड्यात एक एम-डॉट-टू एसएसडी (संगणकाच्या मुख्य बोर्डवर, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी ड्राइव्ह) आणि ४ टीबीची हार्ड डिस्क बसवून घेतली. त्यानंतर बटण दाबले तेव्हा काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढा एकच शब्द आला आणि त्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला. कोणीतरी त्यांना सांगितले की आता फॉरमॅट मारण्यावाचून गत्यंतर नाही.

हा सल्ला चुकीचा आहे आणि असा सल्ला ऐकून लोकांनी वर्षानुवर्षांचे हिशेब घालवलेले मी पाहिले आहेत, म्हणून आजचा व्हिडिओ करतो आहे. नवी ड्राइव्ह जोडल्याने जुन्या ड्राइव्हवरचे काहीही पुसले जात नाही. बिघडतो तो पत्ता. बटण दाबल्यापासून विंडोज किंवा उबुंटू दिसेपर्यंत संगणक तीन-चार ठिकाणी पत्ता विचारत जातो आणि त्यांपैकी एका ठिकाणी त्याला चुकीचे उत्तर मिळालेले असते. ते ठिकाण शोधणे म्हणजेच ही दुरुस्ती.

[पडद्यावर: उघडे कॅबिनेट, मदरबोर्डचे जवळून दृश्य]

सध्याच्या संगणकांमध्ये बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचे यूईएफआय नावाचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डवरच साठवलेला मूळ प्रोग्राम, जागे होते. त्याच्या स्वतःच्या स्मृतीत बूट-नोंदींची एक यादी असते. कोणत्या पार्टिशनवरची (डिस्कच्या कोणत्या भागावरची) कोणती फाइल चालवायची एवढेच प्रत्येक नोंद सांगते. ही फाइल ईएफआय सिस्टिम पार्टिशन या छोट्या, बहुधा १०० ते ५०० एमबीच्या, फॅट-३२ पद्धतीच्या पार्टिशनवर असते. तिथे विंडोजचे एक फोल्डर असते आणि उबुंटूचे एक. उबुंटूची फाइल चालली की ग्रब हा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, येतो, तो लिनक्सच्या पार्टिशनवर जाऊन आपला मेनू वाचतो, मग कर्नल (सिस्टिमचा गाभा) चढतो आणि कर्नल चढल्यानंतर उरलेली पार्टिशने जोडली जातात. त्यामुळे संगणक नेमका कुठे अडकला आहे हे पडद्यावरूनच कळते. ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश आला तर पहिल्याच पायरीवर घोटाळा आहे. नुसता ग्रब दिसला तर ग्रबला आपला मेनू सापडलेला नाही. आणि उबुंटू अर्धवट सुरू होऊन इमर्जन्सी मोडमध्ये थांबला तर बूटलोडर ठीक आहे, चूक त्याच्या पुढे आहे.

हात लावण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बूटचा क्रम किंवा फर्मवेअरच्या सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. अनेकांना आपल्या संगणकावर हे चालू आहे याचीच कल्पना नसते. ती की बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती आधी कागदावर उतरवून घ्या आणि मगच कॅबिनेट उघडा.

आता पहिले काम. वीजजोडणी काढून नव्या जोडलेल्या सर्व ड्राइव्ह काढून ठेवा आणि संगणक सुरू करून पाहा. या संगणकाच्या दोन्ही सिस्टिम त्या क्षणी पूर्वीसारख्या सुरू झाल्या आणि दुकानाच्या मालकांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर एका वेळी एकच ड्राइव्ह जोडत गेलो. ४ टीबीची हार्ड डिस्क जोडली तेव्हा ग्रबचा मेनू व्यवस्थित आला. एम-डॉट-टू एसएसडी बसवली आणि पुन्हा तोच काळा पडदा समोर आला.

[पडद्यावर: ग्रबचा काळा पडदा, आज्ञा मोठ्या अक्षरांत]

या पडद्याला घाबरू नका. तो प्रश्नांची उत्तरे देतो. पडद्यावर दिसणारी ‘एलएस’ ही दोन अक्षरी आज्ञा टाइप करून एंटर दाबा. ग्रबला दिसणाऱ्या सर्व डिस्क आणि पार्टिशने तो कंसांत दाखवतो. इथे डिस्कची मोजणी ० पासून आणि पार्टिशनची १ पासून होते हे लक्षात ठेवा, म्हणजे ‘एचडी ०, जीपीटी २’ याचा अर्थ पहिल्या डिस्कवरचे दुसरे पार्टिशन; जीपीटी ही डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवण्याची पद्धत. या संगणकात आता चार ड्राइव्ह होत्या, पण यादीत एचडी ०, एचडी १ आणि एचडी २ अशा तीनच आल्या. जी दिसत नव्हती ती नेमकी उबुंटूची जुनी १ टीबीची हार्ड डिस्क होती. ग्रबची पहिली फाइल विंडोजच्या एसएसडीवरील ईएफआय पार्टिशनवर असल्यामुळे ती चालली, परंतु तिला ज्या डिस्कवर जायचे होते ती डिस्कच संगणकाच्या हिशेबी अस्तित्वात नव्हती.

केबल घट्ट होती आणि डिस्क फिरतानाचा कंप हाताला जाणवत होता. मग दोष कुठे होता? उत्तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत होते: एम-डॉट-टू स्लॉट वापरात असताना सॅटाचा (डिस्कची केबल लावण्याचा) पाचवा पोर्ट बंद राहील. अनेक मदरबोर्डवर अशी व्यवस्था असते, कारण चिपसेटकडे डेटा वाहून नेणाऱ्या मार्गिका मर्यादित असतात आणि एकच मार्गिका एक तर त्या स्लॉटला किंवा त्या पोर्टला मिळते. कोणता पोर्ट बंद होईल हे मॉडेलनुसार बदलते, म्हणून मॅन्युअल पाहण्याला पर्याय नाही. कागदी प्रत हरवली असेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर ती मिळते. मी केबल पाचव्या पोर्टमधून काढून दुसऱ्या एका पोर्टमध्ये लावली. पोर्टच्या तोंडाशी साचलेली हळदीची भुकटी आधी मऊ ब्रशने काढावी लागली. संगणक सुरू केला आणि ग्रबचा मेनू आला.

उबुंटू निवडला, तेव्हा मात्र दीड मिनिट वाट पाहून तो इमर्जन्सी मोडमध्ये थांबला. हा दुसरा, स्वतंत्र बिघाड होता. ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते लिहिलेले असते आणि तिथे डेटाच्या पार्टिशनचा पत्ता कोणीतरी हाताने ‘एसडीबी २’ असा लिहून ठेवला होता. आपल्या खेड्यांत पत्ता सांगताना ‘डावीकडचे तिसरे घर’ असे सांगितले आणि मध्ये एक नवे घर उभे राहिले तर पाहुणा भलत्याच दारात जाईल. ‘पाटलांचा वाडा’ असे सांगितले तर मध्ये कितीही घरे झाली तरी तो योग्य जागी पोहोचेल. एसडीए, एसडीबी ही नावे म्हणजे घरांची मोजदाद आहे. ४ टीबीची डिस्क मध्ये आल्यावर जुनी एसडीबी ही एसडीसी झाली, आणि लिनक्स ९० सेकंद ‘एसडीबी २’ची वाट पाहून थांबला. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचे स्वतःचे ओळखचिन्ह असते, ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने ते दिसते, आणि एफएसटॅबमध्ये तेच लिहावे. इमर्जन्सी मोडमध्ये एंटर दाबून नॅनो संपादकात मी ती ओळ सुधारली आणि शेवटी ‘नोफेल’ हा पर्यायही जोडला, म्हणजे उद्या ती डिस्क काढली तरी संगणक तिच्यासाठी अडून राहणार नाही. मूळ सिस्टिमच्या पार्टिशनला मात्र नोफेल लावू नये.

याच ओळखचिन्हामुळे एक उलट अडचणही येते. जुनी डिस्क नव्या एसएसडीवर जशीच्या तशी क्लोन केली आणि दोन्ही जोडलेल्याच ठेवल्या, तर दोघांचे यूयूआयडी एकच असतात. मग संगणक आज एका डिस्कवरून आणि उद्या दुसऱ्या डिस्कवरून सुरू होऊ शकतो आणि कालची फाइल आज दिसत नाही. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढूनच संगणक सुरू करावा.

तुमच्या संगणकावर ग्रब न येता थेट विंडोज येत असेल तर काम सोपे आहे. फर्मवेअरच्या बूट-यादीत उबुंटू वर घ्या, किंवा उबुंटूमधून ‘एफिबूटएमजीआर’ या आज्ञेने क्रम बदला. यादीत उबुंटूची नोंदच नसेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून ग्रब पुन्हा बसवावे लागते. बूट मेनूमध्ये पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्या नावाआधी यूईएफआय लिहिले आहे तोच निवडा; यूईएफआयपूर्वीच्या जुन्या पद्धतीने सुरू केल्यास ग्रब जुन्याच पद्धतीने बसेल आणि गुंता वाढेल. ग्रब आला पण मेनूत विंडोज नसेल, तर ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याची सोय आपोआप चालू राहत नाही हे कारण असू शकते. पडद्यावरील ओळ ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये घालून ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

[पडद्यावर: बीसीडीबूटची पूर्ण आज्ञा]

विंडोजबाबत सर्वांत जास्त फसगत होते ती जुनी डिस्क काढताना. अनेक डिस्क जोडलेल्या असताना विंडोज बसवली तर ती आपली बूट-फाइल दुसऱ्याच डिस्कवर आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनवर ठेवू शकते. पुढे ती डिस्क निरुपयोगी समजून काढली की सी ड्राइव्ह शाबूत असूनही विंडोज उठत नाही. अशा वेळी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून, विंडोजच्याच डिस्कवर मोकळ्या जागेत छोटे ईएफआय पार्टिशन करून, ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने बूट-फाइली तिथे उतरवाव्यात. त्या ठिकाणी ड्राइव्हची अक्षरे बदललेली असतात, तुमची सी तिथे डी म्हणून दिसू शकते, त्यामुळे आज्ञा देण्यापूर्वी विंडोजचे फोल्डर कोणत्या अक्षराखाली आहे ते पाहून घ्या.

आणि फर्मवेअरमध्ये सॅटा डिस्क चालवण्याची पद्धत एएचसीआय (AHCI) वरून रेड (RAID) वर, किंवा उलट, सहज म्हणून बदलू नका. बदलली गेली असेल आणि विंडोज निळ्या पडद्यावर थांबत असेल तर पूर्वीची पद्धत परत ठेवा.

आता हा संगणक पाहा. चारही ड्राइव्ह दिसत आहेत, विंडोजमध्ये दुकानाचा हिशेब उघडला आहे, आणि ४ टीबीची डिस्क जीपीटी पद्धतीने तयार केली आहे, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत तिची २ टीबीपुढची जागा वापरताच आली नसती. प्रत्येक ड्राइव्हवर तिच्यात काय आहे ते लिहून पांढरी चिकटपट्टी लावली आहे. एक पट्टी सॅटाच्या पाचव्या पोर्टवर आडवी लावली आहे आणि तिच्यावर ‘येथे केबल लावू नये’ असे लिहून मी कॅबिनेटचे झाकण बसवतो आहे.