लहान होतं म्हणून उरलं: नानचानचं देऊळ

मंडळी, पत्रिकेत 'खेड्यातल्या देवळाच्या परंपरा' असा विषय छापलाय. त्याकडे येतोच, पण आधी इमारत बघू.

चीनच्या शान्शी प्रांतात, वूथाई तालुक्यात लीजियाच्वांग नावाचं खेडं आहे. तिथल्या नानचान देवळाचा मुख्य मंडप इ.स. 782 चा. एका तुळईच्या खालच्या अंगाला तसा लेखच आहे, आणि तोही पुन्हा बांधल्याचा; म्हणजे मूळ देऊळ त्याहून जुनं. नेमकं साल ठाऊक असलेली याहून जुनी लाकडी इमारत चीनमध्ये उभी नाही.

845 मध्ये तांग राजवटीतल्या सम्राट वूझोंगनं बौद्ध मठ मोडायचा हुकूम काढला. 4,600 वर मठ गेले, छोटी देवळं 40,000 वर. नानचान आडगावी आणि जेमतेम तीन खणांचं म्हणून सुटलं, असं मानतात. 1937 मध्ये वास्तू-इतिहासाचे अभ्यासक लियांग स्सचेंग आणि लिन ह्वेयिन याच तालुक्यातल्या फोग्वांग मठात पोचले, त्याच्या पूर्व मंडपाचं 857 हे साल त्यांनी शोधलं. नानचानची नोंद व्हायला मात्र 1953 उजाडलं. माझी तक्रार इथेच आहे: मोठ्या देवस्थानांचा इतिहास लिहायचा आणि खेड्याकडे फिरकायचं नाही, ही खोड आपल्याकडेही आहे.

आता सुतारकाम. खांब बारा, सगळे कडेला. मंडपात मधे एकही नाही. खांबाच्या माथ्यावर ठोकळा, त्याच्या खाचेत आडवा बाहू, त्यावर पुन्हा ठोकळे, पुन्हा बाहू. असे दोन टप्पे बाहेर झेपावतात आणि पाखं पेलतात. भार खांबांवर असतो, भिंत नुसता आडोसा. तिकडे म्हणच आहे, भिंत पडली तरी घर पडत नाही. (लाकडाच्या आयुष्याबद्दल शंका असेल त्यांनी कार्ल्याच्या चैत्यातल्या लाकडी कमानी पाहाव्यात.)

बिघडतं ते पाखाच्या टोकाला. कौल सरकलं की वाशाचं टोक भिजतं, कुजतं. मग कुजलेला भाग कापून टाकतात. पाखं आखूड झालं की पागोळी आत येते आणि खांबाच्या बुडाशी पाणी मुरतं. इथंही पाखं कापलेलीच होती. त्यात 1966 च्या भूकंपानं सांगाडा कलला. 1974-75 च्या दुरुस्तीत पाखं पुन्हा लांबवली, दारं-खिडक्या तांग धाटणीच्या नव्या बसवल्या. आढ्याखालचा छोटा खांब मागाहून घुसवलेला निघाला. तो काढला, आणि दोन तिरक्या टेकूंनी आढं एकट्यानं पेललं. हा शोध मला फार मोलाचा वाटतो. पण दारं-खिडक्या अंदाजानं जुन्या करणं मला पटत नाही. पाहणाऱ्याला 782 कुठे संपलं आणि 1975 कुठे सुरू झालं ते कळायला हवं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा परंपरा भराभर सांगतो. गाभ्यात सुमारे 70 सेंटिमीटर उंच चौथरा, त्यावर मुळात मातीच्या 17 मूर्ती होत्या: मध्ये शाक्यमुनी बुद्ध, बाजूंना सिंहावर मंजुश्री आणि हत्तीवर समंतभद्र हे दोन बोधिसत्त्व. इथला वूथाई पर्वत हा मंजुश्रीचा डोंगर, त्यामुळे त्याचा मान मोठा. मधे खांब नसल्यानं दारातूनच सगळ्यांचं दर्शन होतं. आवारात पुढे मिंग-छिंग राजवटींच्या काळात ड्रॅगनराजाचं देऊळ आलं, कारण शेतकऱ्याला पाऊस हवा. अवर्षण पडलं की उत्तर चीनमधल्या गावांत ड्रॅगनराजाची मूर्ती वाजतगाजत बाहेर काढून उन्हात ठेवत; आपण देव पाण्यात घालतो, ते उन्हात बसवत. बुद्ध आणि पावसाचा देव एकाच आवारात नांदताना गावाला कधी अडचण झाली नाही.

सणांचं राहिलं. ते प्रश्नोत्तरांत घेऊ.